पवित्र आठवड्यातला स्वयंपाक : ओट्यापाशी उभं राहणाऱ्यालाही उपासनेत बसता यावं म्हणून

ओट्यापाशी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

झावळ्यांच्या रविवारपासून (ईस्टरच्या आधीचा रविवार) ईस्टरपर्यंत मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रोज काही ना काही असतं. सोमवार ते बुधवार संध्याकाळच्या सभा, गुरुवारी रात्री प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी), शुक्रवारी बारा ते तीन प्रभूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना, रविवारी पहाटेची उपासना. आणि बहुतेक घरांत जी रांधते ती सगळ्यांत शेवटी चर्चमध्ये पोचते, दाराजवळच्या बाकावर टेकते आणि शेवटचं गीत सुरू झालं की उठते, कारण घरी कणीक मळायची राहिलेली असते. हा चर्चेचा धागा तिच्यासाठी आहे. (किंवा त्याच्यासाठी. रांधणारे भाऊही इथे आहेत.)

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने मार्थेला स्वयंपाक करते म्हणून बोल लावलेला नाही. पुष्कळ गोष्टींची दगदग करतेस, एवढंच तो तिला म्हणाला. तेव्हा या आठवड्यात पदार्थ कमी करायचे आणि ओट्यापाशी रोज पाऊण तासाहून जास्त उभं राहायचं नाही, एवढाच नेम धरू या.

तयारी झावळ्यांच्या रविवारी दुपारी. दीड तास पुरतो.

वाटण : ४ मध्यम कांदे उभे चिरून तेलावर खरपूस, १ वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजून, १०-१२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं. पूर्ण गार झाल्यावरच वाटा. गरम असताना मिक्सरला लावलं की भांड्यात वाफ धरते, वाटणात पाणी सुटतं आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. पाणी अगदी नाइलाज झाला तरच, चमचाभर. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ४-५ दिवस टिकतं. ईस्टरच्या रश्शासाठी हवं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा.

मोड : रविवारी सकाळी २ वाट्या हिरवे मूग भिजत, रात्री उपसून फडक्यात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच येतो, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळा. फडकं ओलंगच्च ठेवून करकचून बांधलं की मूग आतल्या आत उबतात, चिकट होतात. फडकं घट्ट पिळून घ्या, गाठ सैल ठेवा, सकाळी एकदा मूग धुऊन परत बांधा. सोमवारी संध्याकाळी अर्धा इंच मोड येतात, मग डब्यात, फ्रीजमध्ये.

सोमवारी भाज्या घातलेली खिचडी : दीड वाटी तांदूळ, १ वाटी मूगडाळ, ७ वाट्या पाणी, गाजर-मटार-फरसबी मिळून दीड वाटी, ३ शिट्ट्या. चार माणसांना पुरते. मंगळवारी पिठलं-भाकरी. बुधवारी मुगाची उसळ आणि भात, एकाच कुकरात दोन भांडी. (वाटी सगळीकडे आमटीची, साधारण १५० मिलिलिटरची.)

शिट्ट्या होईपर्यंतच्या वेळात त्या दिवसाचा उतारा वाचून होतो. सोमवारी मंदिराचं शुद्धीकरण, मार्क ११:१५-१९. मंगळवारी विधवेच्या दोन टोल्या (नाणी), मार्क १२:४१-४४. बुधवारी बेथानीतला अभिषेक, मार्क १४:३-९. तिन्ही उतारे छोटे आहेत, मुलांना मोठ्याने वाचायला द्यावेत. वाचणारा ओट्यापाशी येऊन वाचू दे, म्हणजे रांधणाऱ्याच्या कानावरही पडतं.

गुरुवार, शुक्रवार आणि ईस्टरची न्याहारी यांवर जाणत्यांनी लिहावं.

वसईचा_वारा

फार गरजेचा धागा, ताई. आम्हा कॅथलिकांसाठी नियमांची थोडी भर घालतो, कारण दर वर्षी गोंधळ होतो.

राखेचा बुधवार (लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा, पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवास आणि मांसत्याग दोन्हीचे. उपवास १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत, मांसत्याग १४ पूर्ण झालेल्या सगळ्यांना. उपवास म्हणजे निर्जळी नव्हे. एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या यांच्यावर उपवासाचं बंधन नाही.

मासळी मांसात धरत नाहीत. पण शुक्रवारी मटण नको म्हणून दीड हजाराचा पापलेट आणला तर नियम पाळला जातो, त्यामागचा हेतू मात्र राहून जातो. त्यापेक्षा सुका जवळा घ्या. संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायचं असेल तर हा वीस मिनिटांत होतो.

चौघांना २ वाट्या जवळा. आधी कोरडाच मंद आचेवर २-३ मिनिटं परता. रंग जरा गुलाबीसर झाला, कुरकुरीत वास आला की उतरवा, त्यापुढे गेला की कडवट होतो. गार झाल्यावर चाळणीत हाताने चोळून घ्या, मिशा आणि भुसा खाली पडतो. मग भांडंभर पाण्यात टाकून लगेच वरचावर हाताने उचलून घ्या. चाळणी नळाखाली धरली की रेव जवळ्यातच राहते. भांड्यात ती तळाशी बसते. असं दोनदा. भिजत मात्र ठेवू नका, लगदा होतो.

३ मोठे चमचे तेल, ३ कांदे बारीक चिरून, ६-७ लसूण पाकळ्या ठेचून, अर्धा चमचा हळद, दीड चमचा बाटली मसाला (नसेल तर घरातला लाल मसाला), ४ आमसुलं. कांदा मऊ झाला की जवळा, दोन हबके पाणी, झाकण, ७-८ मिनिटं. मीठ शेवटी आणि चव घेऊन. जवळा मुळात खारा असतो, आधी मीठ पडलं की उपाय नाही.

नवी_चूल

धन्यवाद ताई, धन्यवाद दादा. दोन शंका. पिठल्यात गुठळ्या होतात आणि बेसन कच्चं लागतं, काय चुकतं? आणि मुलं लहान आहेत (४ आणि ७), उतारा वाचेपर्यंत बसत नाहीत.

ओट्यापाशी

गुठळ्या होतात कारण कोरडं बेसन उकळत्या पाण्यात पडतं. बाहेरून लगेच शिजतं, आत पीठच राहतं. १ वाटी बेसन १ वाटी गार पाण्यात रवीने घुसळून ठेवा. फोडणीत २ वाट्या पाणी उकळलं की आच कमी करून एका हाताने धार, दुसऱ्या हाताने ढवळणं. कच्चट लागतं ते घट्ट झाल्याबरोबर गॅस बंद केल्यामुळे. घट्ट होतं दोन मिनिटांत, शिजतं मात्र झाकण ठेवून मंद आचेवर ६-७ मिनिटांनी. कडेने सुटायला लागलं आणि पृष्ठभागावर तेलाची तकाकी आली की झालं.

मुलांना बसवू नका, काम द्या. विधवेच्या दोन टोल्या वाचताना दोन नाणी त्यांच्या हातात द्या आणि वाचून झाल्यावर डब्यात टाकायला सांगा. सात वर्षांच्या मुलाला कोथिंबीर निवडता येते. निवडता निवडता तो ऐकतोही. जेवणाआधीची प्रार्थना चार वर्षांच्या मुलाने एका ओळीची केली तरी ती पूर्ण प्रार्थना आहे, मागून मोठ्यांनी तिला शेपूट जोडू नये.

बेखमीर

गुरुवारचं मी लिहितो. पुष्कळ घरांत गुरुवारी उपासनेआधी किंवा नंतर साधं जेवण होतं आणि बेखमीर (न आंबवलेली) भाकर मोडून योहान १३ वाचतात, पाय धुण्याचा भाग. भाकर अशी :

गव्हाचं पीठ २ वाट्या, मीठ अर्धा चमचा, तेल २ मोठे चमचे, कोमट पाणी पाऊण वाटीच्या आसपास. तेल पिठाला चोळून घ्या, मग पाणी थोडं थोडं घालत पोळीपेक्षा किंचित घट्ट मळा. ५ मिनिटं मळणं, १५ मिनिटं झाकून ठेवणं. चार गोळे. ३-४ मिलिमीटर जाड लाटा, पोळीसारखी पातळ नको. काट्याने सगळीकडे टोचे मारा, नाहीतर फुगते आणि मधून पोकळ होते. मध्यम तव्यावर एका बाजूने अडीच मिनिटं, दुसऱ्या बाजूने दोन, मग कडा दाबून अर्धा मिनिट.

दोन ठिकाणी बिघडते. तवा फार तापला की बाहेर डाग पडतात आणि आत पीठ राहतं. आणि भाजून उघडी ठेवली की उन्हाळ्याच्या हवेत अर्ध्या तासात कडक होते. तव्यावरून काढली की सुती फडक्यात गुंडाळा. मोडताना हलका आवाज यावा, पण तुकडा दातांखाली चिवट लागू नये.

सोबत काय? निर्गमच्या बाराव्या अध्यायात बेखमीर भाकरीबरोबर कडू भाजी सांगितली आहे. आपल्याकडे मेथी आहेच. जुडीभर मेथी, लसूण, ओल्या मिरच्या, दहा मिनिटांचं काम. त्या संध्याकाळी मेथीत गूळ घालू नका, कडूच राहू दे. मुलं विचारतील कडू का, आणि सांगायला तेच निमित्त होतं.

करवंदी

एक प्रश्न आहे, भाऊ. काही जण घरी ही भाकर आणि द्राक्षरस घेऊन प्रभुभोजन करतात. योग्य आहे का?

बेखमीर

माझं मत स्पष्ट आहे, करू नये. प्रभुभोजन मंडळीचं आहे, पाळकांच्या हातून मंडळीसोबत घ्यायचं. घरची भाकर हे स्मरणाचं जेवण. दोन्हींत गल्लत होऊ नये म्हणून घरच्या टेबलावर द्राक्षरस ठेवूच नये, साधं पाणी ठेवावं. घरी आजारी, अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर पाळकांना आधीच्या रविवारी सांगून ठेवा, ते घरी येऊन देतात. गुरुवारी दुपारी फोन केला तर त्यांना त्या दिवशी जमणं कठीण असतं.

वसईचा_वारा

सहमत. आमच्याकडे तर प्रश्नच येत नाही, मिसा (आमची प्रभुभोजनाची उपासना) धर्मगुरूंशिवाय होत नाही. पण घरची रीत म्हणून केरळचे सुरियानी ख्रिस्ती करतात ती पहा. पेसहा अप्पम म्हणतात. तांदळाचं पीठ आणि भिजवून वाटलेली उडीदडाळ, साधारण ४ ला १, त्यात ओलं खोबरं, छोटे कांदे, लसूण, जिरं. पीठ आंबवायचं नाही, कालवलं की लगेच थाळीत ओतून २०-२५ मिनिटं वाफवायचं. वर झावळ्यांच्या रविवारच्या झावळीचा छोटा क्रूस ठेवतात. घरातला वडीलधारा प्रार्थना करून तुकडे मोडतो, नारळाचं दूध आणि गुळाच्या 'पाल' नावाच्या पातळ रसाबरोबर खातात. मुंबई-पुण्यात शेजारी मल्याळी कुटुंब असेल तर विचारून पहा, आनंदाने शिकवतात.

आपल्याकडच्या उकाड्यात हे पीठ तासभर जरी बाहेर राहिलं तरी आंबायला लागतं आणि मग ते बेखमीर राहत नाही. म्हणून पाणी उकळायला ठेवूनच डाळ वाटायला घ्या.

ओट्यापाशी

आता शुक्रवार. गोव्यात आणि कोकणपट्टीतल्या कॅथलिक घरांत या दिवशी पेज असते, आणि तीन तास उपाशी बसून आलेल्या पोटाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. सगळ्या मंडळ्यांनी उचलावी अशी रीत आहे.

उकडा तांदूळ १ वाटी, पाणी ८ वाट्या, तूप १ चमचा. सकाळी साडेअकराला निघण्याआधी तांदूळ धुऊन, पाण्यासकट कुकरात घालून ठेवा. गॅस लावू नका. परत येईपर्यंत चार तास भिजून दाणा ठिसूळ झालेला असतो. आल्यावर ३ शिट्ट्या, मग मंद आचेवर १० मिनिटं, मग दाब आपोआप उतरू द्या. हात-पाय धुऊन, कपडे बदलून होईपर्यंत पेज तयार.

तिन्ही गोष्टींना कारण आहे. पेज उकळताना पिठाचा फेस वर चढतो, म्हणून कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही. पाच लिटरच्या कुकरात हे प्रमाण नीट बसतं. तुपाने फेस दबतो. आणि घाई करून शिट्टी उचलली तर वाफेबरोबर गरम पेज छतापर्यंत उडते आणि हात भाजतो.

मीठ पानात वाढताना घाला. झाकण उघडल्यावर पळी तळापासून फिरवा, काही दाणे फुटून पेज दुधट होते, काही आख्खे राहतात, तशीच चांगली. पंधरा मिनिटांत ती दाटते. पातळ करायला उकळतं पाणी घाला, गार पाणी घातलं की पिठाच्या गाठी आणि पाणी वेगळं होतं.

सोबत मुगाची उसळ. बुधवारी वापरून उरलेले मोड शुक्रवारपर्यंत चालतात, पण वास घेऊन. चिकट वाटले तर टाकून द्या आणि मसूर करा, भिजवायची गरज नाही. उसळ सकाळी करून ठेवायची असेल तर ओलं खोबरं त्या वेळी घालू नका. उन्हाळ्यात खोबरं घातलेली उसळ दुपारपर्यंत विटते. खोबरं फ्रीजमध्ये खवून ठेवा, गरम करताना घाला. एक सुकी चटणी किंवा लोणचं, बस. तळलेलं काही नको, रिकाम्या पोटी पित्त उसळतं.

करवंदी

मधुमेह असणाऱ्यांनी शुक्रवारी काय करावं? आमच्या मंडळीत ज्येष्ठ पुष्कळ आहेत आणि उपवास सोडा म्हटलं की त्यांना वाईट वाटतं.

बेखमीर

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवायचं नाही. गोळी घेतली आणि खाल्लं नाही की साखर खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, घेरी येते. तीन तास बाकावर बसलेला माणूस तसाच बसून राहिला तर शेजारच्याला कळतही नाही. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा ३-४ चमचे साखर बांधलेली असावी, आणि शेजारी बसणाऱ्याला सांगून ठेवावं. नुसती पेजही त्यांना नको. वाटीभर पेज आणि दोन वाट्या उसळ असं उलटं प्रमाण करा.

वाईट वाटण्याबद्दल : यशया ५८ त्यांच्यासोबत बसून वाचा. देवाला आवडणारा उपास कोणता हे तिथे स्वच्छ सांगितलं आहे. भुकेल्याला आपल्या अन्नातलं वाटून देणं. हा उपास ऐंशी वर्षांच्या आजोबांना पूर्ण करता येतो, आणि गोळी न चुकवता.

मूठभर

त्यालाच धरून एक रीत. मिझोरममध्ये १९१० पासून 'बुहफाय थाम' चालत आली आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेतला की घरातली बाई त्यातला मूठभर वेगळ्या भांड्यात टाकते, तो मंडळीत जमा होतो आणि त्याच्या पैशातून मंडळीची सेवा चालते. लेंटमध्ये आपल्याकडे सहज करता येतं.

माझं गणित असं : मोठ्या माणसाची एक मूठ सुमारे ४० ग्रॅम. दिवसाला दोन मुठी म्हणजे ८० ग्रॅम, चाळीस दिवसांत ३ किलो २०० ग्रॅम. वीस घरांचे ६४ किलो होतात. घरात जाणवतही नाही, आणि ज्या घरी पोचतात तिथे महिना निघतो.

चुका दोन होतात. एक, हात ओला असताना मूठ भरली जाते. डब्यात ओल गेली की जाळी धरते, पोरकिडे होतात. तांदूळ धुण्याआधी, कोरड्या हाताने, आणि डब्यात कडुलिंबाची वाळलेली पानं. दुसरी, सगळ्यांचे तांदूळ एका पोत्यात ओततात. कोलम, आंबेमोहोर, रेशनचा, सगळं एकत्र झालं की शिजताना काही दाणे गळतात, काही कच्चे राहतात. घेणाऱ्याच्या ताटात तो भात येतो. जाड आणि बारीक असे निदान दोन डबे ठेवा. देताना आपल्या ताटाला चालेल तसंच द्यावं.

नवी_चूल

हे आजपासूनच सुरू करते. हॉट क्रॉस बन घरी जमतील का? ओव्हन नाही.

खमीरवाली

जमतील. १२ बनांचं माप : मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, मीठ १ चमचा, लोणी ५० ग्रॅम, अंडं १, कोमट दूध २३० मिलि (लागलं तर आणखी २०), दालचिनी पूड १ चमचा, जायफळ पाव चमचा, मनुका १०० ग्रॅम.

दूध बोटाला कोमट लागेल इतकंच. चटका बसतो त्या दुधात यीस्ट मरतं आणि मग दिवसभर वाट पाहिली तरी पीठ फुगत नाही. दालचिनी जास्त झाली तरी यीस्ट मंदावतं, वासासाठी हात सैल सोडू नका. १०-१२ मिनिटं मळा, पीठ आधी हाताला चिकटेल, मैदा वाढवायचा मोह टाळा. मळून झाल्यावर मनुका. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४५-५० मिनिटांत दुप्पट होतं, घड्याळापेक्षा पिठाकडे पहा.

८० ग्रॅमचे गोळे, पुन्हा २५-३० मिनिटं. बोटाने हलकं दाबा. खड्डा लगेच भरून आला तर थांबा. हळूहळू, अर्धाच भरला तर आत टाका. भरलाच नाही तर जास्त झालंय, भाजताना बसेल. क्रूससाठी ४ मोठे चमचे मैदा आणि तेवढंच पाणी, इडलीच्या पिठाइतकं. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून रेघा ओढा. घट्ट झालं की भाजताना तडकतं, पातळ झालं की ओघळतं.

ओव्हनमध्ये १९० अंशांवर १८-२० मिनिटं. कुकरमध्ये : शिट्टी आणि रबर दोन्ही काढा, तळाला मिठाचा बोटभर थर, त्यावर जाळी, १० मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग डबा ठेवून मंद आचेवर ३०-३५ मिनिटं. एका वेळी चार-पाचच बन. वरून रंग येणार नाही, दूध-साखर लावून तव्यावर उलटे क्षणभर टेकवा. मनुका वर आलेल्या दिसल्या तर आत दाबा, त्या करपतात आणि कडू लागतात.

गुरुवारी सकाळी करा. शुक्रवारी सकाळी भट्टी लावत बसायचं नाही. आणि बेकरीत चांगले मिळत असतील तर बिनधास्त विकत आणा, त्यात कमीपणा नाही.

थेम्सकाठ

इथे लंडनमध्ये उलटी अडचण असते, मार्च-एप्रिलला घर १७-१८ अंश. पीठ दोन तास हलत नाही म्हणून लोक यीस्ट वाढवतात आणि बनला बिअरसारखा वास येतो. यीस्ट तेवढंच ठेवा. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा लावून पीठ ठेवलं की तासाभरात फुगतं.

न्याहारी

ईस्टर पहाटेची न्याहारी माझ्याकडे. योहान २१ मध्ये उठलेल्या प्रभूने स्वतः विस्तव पेटवला, मासळी आणि भाकर तयार ठेवली आणि रात्रभर दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं. मंडळीच्या न्याहारीच्या आधी तो उतारा वाचावा, आणि मग वाढणाऱ्यांनीही बसून खावं.

४० माणसांचे कांदेपोहे : जाड पोहे ३ किलो, कांदे दीड किलो, बटाटे दीड किलो, शेंगदाणे ४०० ग्रॅम, तेल ५०० मिलि, मिरच्या १५० ग्रॅम, कढीपत्ता मोठी जुडी, मोहरी ३ मोठे चमचे, हळद ६ लहान चमचे, मीठ ६५-७० ग्रॅम, साखर मूठभर, लिंबं १५, कोथिंबीर ३ जुड्या.

आता धाग्याचा मूळ मुद्दा. पोहे करणारे चार जण दर वर्षी उपासनेला मुकतात. तसं होऊ नये म्हणून काम दोन भागांत करा. साडेचारला फोडणी : दाणे तळून बाजूला, मग मोहरी, मिरची, कढीपत्ता, कांदा, बटाटा, हळद आणि अर्धं मीठ, बटाटा पूर्ण शिजेपर्यंत. झाकून गॅस बंद. साडेपाचला सगळे उपासनेत. पोहे मात्र धुवायचे नाहीत.

उपासना संपल्यावर एकाने फोडणी तापवायला घ्यावी, दोघांनी पोहे धुवावेत. एका वेळी एकच किलो, मोठ्या चाळणीत, पाण्याखाली हाताने वरखाली करत, मग चाळणी तिरकी ठेवून ५ मिनिटं. तीन किलो एकदम पातेल्यात भिजवले की वरच्यांच्या वजनाने खालचे दबतात, लगदा होतो. दाणा बोटांत दाबून पहा : सहज चुरगळला पण गोळा झाला नाही की बरोबर. मध्ये कोरडा कण लागला तर पाण्याचा हबका. उरलेलं मीठ आणि साखर पोह्यांनाच लावा, फोडणीत टाकलं तर सगळीकडे सारखं लागत नाही. दोन पातेल्यांत दीड-दीड किलो, मंद आचेवर झाकून ६-७ मिनिटं. लिंबू गॅस बंद केल्यावर.

'प्रभू उठला आहे', 'खरोखर उठला आहे' म्हणत लोक एकमेकांना भेटतात, तेवढ्या वीस मिनिटांत पोहे वाढायला येतात.

चहा : दूध अडीच लिटर, पाणी २ लिटर, चहा पावडर ९० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम. आलं-साखर घालून पाणी पहाटेच उकळून ठेवा, पावडर मात्र ऐन वेळी. आधी टाकलेली पावडर तासभर पाण्यात राहिली की चहा तुरट होतो. दोन पातेली बिनसाखरेची वेगळी करणार असाल तर साखरेचा हिशेब त्या मानाने.

नवी_चूल

मुलांसाठी रंगीत अंडी करायची आहेत, बाजारचे रंग नकोत. आणि शनिवारी उकडून ठेवली तर चालतात का?

न्याहारी

चालतात, पण फ्रीजमध्ये आणि सालासकट. उकडलेलं अंडं उन्हाळ्यात बाहेर दोन तासांहून जास्त नको, रात्रभर तर मुळीच नाही. अंगणात लपवाछपवी खेळायची असेल तर सकाळी आठच्या आत उरका आणि लपवलेली मोजून परत घ्या.

रंगासाठी १०-१२ कांद्यांची कोरडी सालं, १ लिटर पाणी, २५ मिनिटं मंद उकळा, गाळा, गार झाल्यावर १ मोठा चमचा व्हिनेगर. पांढऱ्या सालीची उकडलेली अंडी त्यात अर्धा तास ठेवली की केशरी, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवली की गडद विटकरी. व्हिनेगर विसरलात तर रंग पुसट बसतो. बिटाचा रंग ओला असताना सुंदर दिसतो, वाळला की मातकट पडतो, त्याच्या नादी लागू नका. हळदीचा पिवळा चांगला येतो : लिटरला ३ मोठे चमचे, तीच कृती.

अंडी आठवडाभर जुनी घ्या, अगदी ताज्या अंड्याचं साल आतल्या पापुद्र्यासकट चिकटून निघतं. उकळी आल्यावर १० मिनिटं, लगेच गार पाण्यात. अंडी रंगात टाकण्याआधी फडक्याने पुसा आणि हाताला तेल नसू दे. तेलाचं बोट लागलं की तिथे ठिपका पांढराच राहतो. मात्र ते ठिपके तुम्हाला मुद्दाम वापरता येतील : वाळलेल्या अंड्यावर मेणबत्तीने क्रूस काढा आणि मग गार रंगात बुडवा. मेण लागलेली जागा पांढरी राहते, आणि हे चार वर्षांच्या मुलालाही जमतं.